गव्हाणवाडी फाट्यावरची हिरवी गाडी

मनाली गवईची शोरूमची नोकरी एका ब्रेकमुळं गेली.

चिखलीतल्या एका मोठ्या शोरूममध्ये ती गिऱ्हाइकांना गाडी चालवून दाखवायची. एकदा एक कंत्राटदार शेजारच्या सीटवर येऊन बसला. पट्टा लावा म्हटलं तर हसला. मेहकर रोडला लागल्यावर त्यानं सरळ तिच्या मांडीवर हात ठेवला. मनालीनं त्याच्याकडं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. मागं कोणी नाही एवढं आरशात पाहून घेतलं आणि ब्रेकवर अक्षरशः उभी राहिली. कंत्राटदाराचं तोंड डॅशबोर्डवर आपटलं, नाकाचं हाड मोडलं, कडक इस्त्रीच्या शर्टावर रक्ताची धार लागली.

"पट्टा लावा म्हनलं होतं तुमाले," ती म्हणाली आणि गाडी वळवून त्याला तसंच शोरूमच्या दारात आणून सोडलं.

शोरूमचा मॅनेजर कुलदीप. त्यानं त्याच दुपारी तिचा हिशेब केला. जाताना म्हणाला, "पोरीच्या जातीनं एवढं डोकं गरम ठेवू नाई."

ही गोष्ट जिल्हाभर झाली. नाक कोणाचं फुटलं हे लोक लवकरच विसरले, पण 'ते गाडीवाली पोरगी' लक्षात राहिली. मनालीचा बाप इंद्रभान यानं दुसरबीड ते मेहकर काळी-पिवळी जीप चालवण्यात उभी हयात घालवली होती. पाय क्लचपर्यंत पोचायला लागले तेव्हापासून मनाली ती जीप हाकत आली होती. नोकरी गेल्यावर नात्यातल्या कोणीतरी नवी गाडी घेताना तिला सोबत नेलं, मग त्याच्या मित्रानं नेलं, आणि बघता बघता तो तिचा धंदाच झाला. कोणाला मोठी गाडी घ्यायची असली की ते मनालीला बोलावत. ती गाडी चालवून बघायची, मागच्या सीटवर बसून बघायची, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला चढता-उतरता येतं का ते बघायची, आणि घेऊ नका म्हणायची वेळ आली तर शोरूमवाल्याच्या तोंडावर म्हणायची. कुलदीपला ती डोळ्यासमोर नको असे. पण गिऱ्हाईकच सोबत घेऊन येई, तेव्हा त्याचा इलाज चालत नसे.

नीळकंठ पांगरकर असेच तिला घेऊन आले. बुलढाण्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, बोलायला मोजके, चालायला ताठ. पुण्याच्या मुलानं हट्ट धरला होता की बाबांनी आता लहान गाडी सोडावी आणि मोठी, भारीतली, सगळ्या सुरक्षेची घ्यावी. त्यानं फोनवरच एक गाडी ठरवून टाकली होती. पत्नी शैलजाकाकूंना त्या उंच गाडीत चढायला जमेल की नाही, याचीच नीळकंठरावांना काळजी. म्हणून मनाली.

शोरूमच्या आवारात ती गाडी उभी होती. गडद हिरवी, जंगलातल्या सावलीसारखा रंग. त्या रंगाची ती जिल्ह्यात एकच, असं कुलदीप मोठ्या कौतुकानं प्रत्येकाला सांगायचा. त्या दिवशी मात्र बोलला नाही. त्याचे डोळे सुजल्यासारखे दिसत होते आणि हातातला फोन तो सारखा या हातातून त्या हातात घेत होता.

मनालीनं गाडीला एक चक्कर मारली. पुढं आल्यावर जरा थांबली. डाव्या बाजूचा दिवा काचेसारखा लख्ख होता आणि उजव्यावर खडीचे बारीक टवके होते. बंपर आणि बॉनेटच्या मधली फटही एका बाजूला जास्त वाटली.

"बंपर बदलला का?"

"आवारातच घासली पोट्ट्यानं," कुलदीप म्हणाला. "तुम्ही आता निघा. दुपारी दुसरं गिऱ्हाईक आहे मले. मलकापूर रोडनं जा, घाटबी बघता येईल."

एरवी मनाली गाडीखाली वाकून, टॉर्च मारून बघायची. त्या दिवशी कुलदीपनं किल्ली हातात कोंबली, काकू आधीच चढून बसल्या होत्या, आणि तिनं तो विषय सोडून दिला. मलकापूर रोडचं मात्र ऐकलं नाही. शोरूमवाले नेहमी गुळगुळीत रस्ता दाखवतात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक! नीळकंठरावांचं शेत साखरखेर्ड्याकडं. तेव्हा गाडी तिकडच्याच रस्त्यावर बघायची. आवाराबाहेर पडताच तिनं गाडी उलट्या दिशेला वळवली.

निघताना तिनं स्क्रीनवर बोट फिरवून एक गोष्ट चालू केली. समोर माणूस किंवा गाडी आली की ही गाडी आधी ओरडते आणि चालकानं काही केलं नाही तर स्वतःच ब्रेक मारते. ही सोय कोणीतरी बंद करून ठेवली होती. शोरूमची पोरं ती बंदच ठेवत. रस्त्यात म्हशी, मोटारसायकली, मधेच रस्ता ओलांडणारी माणसं, गाडी सारखी ओरडायची आणि गिऱ्हाईक वैतागायचं.

मेहकर रोडवर तसंच झालं. एका रिक्षानं मधे तोंड घातलं, गाडीनं टुकटुक केलं आणि झटका देऊन वेग तोडला. नीळकंठरावांचा चष्मा नाकावरून घसरला.

"हे काय? आपण चालवायची की तिनं?"

"सवय होते काका."

"नको ती सवय. बंद करता येतं ना?"

"येतं. पन मुलानं एवढ्यासाठीच तर हे गाडी सांगितली. आज चालू राहू द्या, दोन्ही बाजू दिसतील."

मागून काकू म्हणाल्या, "मला तर बाई बरं वाटलं. कोणीतरी जागं आहे म्हणायचं."

लव्हाळ्याहून साखरखेर्ड्याकडं वळल्यावर रस्ता खडबडीत झाला. गाडी खड्डे गिळत होती, आत चहाचा कप सांडला नसता. मागं बसणाऱ्याला धक्का कमी लागतो, एसी मागंही पोचतो. पण काच फुटली तर ती संभाजीनगरहून येईपर्यंत थांबावं लागेल आणि पायरी काकूंना उंच पडते, असं मनाली एकेक सांगत होती. नीळकंठराव मान हलवत ऐकत होते. त्यांना गाडी आवडायला लागली होती.

गव्हाणवाडी फाट्यावर गतिरोधक आहे. बाजूला पानटपरी, तिच्यामागं कडुनिंब, त्याच्याखाली दहा-पंधरा माणसं बसलेली. मनालीनं वेग कमी केला. कडुनिंबाखालचा एक माणूस उठला. गाडीकडं बघतच राहिला. मग त्याच्या तोंडून असा आवाज निघाला, की काचा बंद असूनही तिघांना ऐकू आला.

"हेच हाय! हेच हाय बे!"

पहिला गोटा समोरच्या काचेवर बसला. काचेवर पांढरं जाळं उठलं. मनालीला काही कळेना. तिनं गतिरोधकावरून गाडी पुढं घेतली, तेवढ्यात तो माणूस धावत येऊन समोर उभा राहिला. हातात बैलगाडीची उभारी, जाड लाकडी दांडा. दोन्ही बाजूंनी माणसं धावत होती, बायासुद्धा होत्या. मागची काच फुटली आणि काकू किंचाळल्या.

त्या क्षणी मनालीनं काय केलं, ते तिनं पुढं कोणापासून लपवलं नाही. समोर माणूस उभा होता, आणि तिनं ॲक्सिलरेटर दाबला.

गाडीनं उसळी घेतली. आत लाल दिवा लागला, कर्कश आवाज झाला आणि गाडी जागच्या जागी रुतल्यासारखी थांबली. तिघंही पट्ट्यात आवळले गेले. समोरच्या माणसाच्या पोटापासून बॉनेट वीतभर अंतरावर होतं. मनालीचा पाय अजून दाबलेलाच होता. ब्रेक तिनं मारला नव्हता.

मग घाव सुरू झाले. नीळकंठरावांच्या बाजूची काच उभारीनं फोडली आणि तिचे कण त्यांच्या चेहऱ्यात घुसले. कोणीतरी आत हात घालून दार उघडलं. पट्टा लावलेला असतानाच त्यांना बाहेर ओढू लागले, पट्टा गळ्यात रुतला, त्यांचे डोळे बाहेर आले. कोणी कोयत्यानं पट्टा कापला आणि ते तोंडावर पडले. लाथा बसायला लागल्या. "मी प्राध्यापक आहे... मी प्राध्यापक आहे..." एवढंच ते म्हणत होते, आणि दर वेळी त्यांचा आवाज बारीक होत होता.

मनालीला केसांना धरून खाली खेचलं. तिनं एकाच्या मनगटाला कचकचून चावा घेतला, दुसऱ्याच्या गुडघ्यावर लाथ घातली. मग पाठीत काठी बसली आणि ती गाडीच्या पुढ्यात आडवी झाली. वर ऊन, आजूबाजूला पाय. डोकं वाचवायला तिनं उजवा हात वर धरला, तर एका बाईनं दोन्ही हातांनी उचललेला दगड त्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला.

डोकं जमिनीला टेकलेलं असताना तिला गाडीखालचं दिसलं. सकाळी बघायचं राहिलेलं. नव्या बंपरच्या मागं, पोटाच्या पत्र्याला एक चिंधी अडकली होती. निळ्या चौकड्याचं कापड, एक बटण, आणि त्यावर वाळलेलं काळं. गाडी वरून धुतली होती, बंपर बदलला होता. खाली कोणी पाहिलं नव्हतं.

तोवर गर्दीतल्या शिव्यांतून तिला अर्धंमुर्धं कळलं होतं. शालिग्राम. पोराला फरफटत नेलं. हिरवी गाडी.

'ही ती गाडी नाही' असं कोणीही म्हणालं असतं. नीळकंठरावांना श्वास असता तर त्यांनीही तेच सांगितलं असतं, आणि कोणी ऐकलं नसतं. मनाली नरड्याच्या शिरा ताणून ओरडली,

"हेच हाय! गाडी हेच हाय! पन हा मानूस नाई!"

हात थांबले. शिव्या देणाऱ्यांना कबुलीची अपेक्षा नव्हती.

"काय म्हनली?" उभारीवाला पुढं आला. तो शालिग्रामचा बाप, गुलाबराव. डोक्याचं मुंडण ताजं होतं.

"गाडी शोरूमची हाय. आमी आज घ्यासाठी पाहाले आनली. खाली पाहा... खाली पाहा तुमी, कापड हाय."

गुलाबराव वाकला नाही. ज्या बाईनं दगड घातला होता ती वाकली. बेबीताई, शालिग्रामची आई. गुडघ्यांवर बसली, हात आत घातला, चिंधी ओढली, तिच्यासकट थोडी वाळलेली मातीही आली. तिनं ती उलटीपालटी केली.

"बटन मी लावलं होतं," ती म्हणाली. "पांढऱ्या दोऱ्यानं. निळा नवता घरात."

मग ती तिथंच, गाडीच्या चाकाला टेकून बसली आणि कपाळ त्या नव्या बंपरवर आपटायला लागली. तिला धरायला चार बाया लागल्या. गुलाबरावनं उभारी बॉनेटवर घातली, पुन्हा घातली, घालतच राहिला. पण आता तो फक्त गाडीला मारत होता.

नीळकंठराव मातीत पडलेले होते. काकू काचांवरून रांगत त्यांच्यापर्यंत पोचल्या होत्या आणि पदरानं त्यांचा डोळा दाबून धरत होत्या. पदर लाल होत चालला होता. मगाशी लाथा घालणाऱ्यांतलाच एक जण पाण्याचा तांब्या घेऊन आला. काकूंनी तांब्या घेतला आणि त्याच्या तोंडाकडं बघत त्या म्हणाल्या, "तुझी लाथ मी पाहिली आहे." तो मागं सरकला. त्यांना दवाखान्यात नेलं ते मात्र त्याच्याच पिकअपमधून.

शालिग्राम त्याच आठवड्यात गेला होता. संध्याकाळी मोटारसायकलवरून फाट्यावर येताना मागून धडक बसली. गाडी थांबली नाही. तो खाली अडकला आणि शेतांच्या पलीकडं, नाल्याच्या पुलापर्यंत ओढला गेला. नंबर कोणी पाहिला नव्हता. हिरवी, मोठी, एवढंच.

बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात मनालीच्या हातात स्टीलची पट्टी टाकली. नीळकंठरावांचा डावा डोळा वाचला नाही. पोलीस आले तेव्हा तिनं सगळं सांगितलं: बंपर, दिवा, चिंधी, मलकापूर रोडनं जायचा आग्रह. तपास शोरूमपर्यंत पोचला. एका लग्नाहून येताना कुलदीप स्वतः गाडी चालवत होता, सोबत दोन मित्र, तिघंही प्यालेले. गाडी सारखी ओरडते म्हणून त्यानं ती ब्रेकची सोय लग्नाला जातानाच बंद केली होती, असं मित्रानं जबाबात सांगितलं.

एका दुपारी बेबीताई दवाखान्यात आली. मनालीच्या खाटेपाशी उभी राहिली, बसली नाही. हल्ला केल्याबद्दल गुलाबराव आणि आणखी सात जण तेव्हा कोठडीत होते.

"एक इचाराचं होतं तुले."

"इचारा मावशी."

"तू गाडी दाबली होती. मी पाहिलं. माहा मानूस समोर होता, अन् तू गाडी दाबली."

"हाव."

"काऊन?"

"भेव वाटलं. मंग मले मानूस दिसलाच नाई, फक्त उभारी दिसली."

"मंग थांबली काऊन?"

"मी नाई थांबवली. गाडीनं थांबवली."

बेबीताईनं तिच्या प्लास्टरकडं पाहिलं. "तो गोटा माहाच होता," ती म्हणाली. "मस्तकात घालाचा होता. तू हात मधी घातला." आणि निघून गेली. माफी मागितली नाही, दिलीही नाही. मनालीला तिचा राग आला नाही, पण त्या रात्री तिला झोपेत पुन्हा पुन्हा हाड मोडल्याचा आवाज ऐकू येत होता.

घरी आल्यावर महिनाभरानं दुसरबीडच्या घरासमोर तिची स्कूटी पेटवून दिली. भरदिवसा. तोंडाला रुमाल बांधलेले दोघे मोटारसायकलवरून आले, पेट्रोल ओतलं, काडी टाकली आणि जाताना इंद्रभानच्या छातीत लाथ घालून गेले. म्हाताऱ्याच्या दोन बरगड्यांना चिरा गेल्या. "कुलदीपभाऊचं नाव घेसाल तं घर पेटवू," एवढंच बोलले. स्कूटीचा सांगाडा विझेपर्यंत मनाली एका हातानं बादल्या ओतत होती. शेजारी दारं लावून आत बसले होते.

इंद्रभान खाटेवर कण्हत म्हणाला, "पोरी, सोड. गेला तो पोट्टा आपला कोन लागते?"

"कोनी नाई लागत."

"मंग?"

"बाबा, त्याच्या बापाच्या अंगावर मी गाडी घातली होती. तो वाचला म्हून मी आज घरात हाय. नाई तं आज कुलदीपच्या जागी मी असती. आता मी गप बसली, तर तुमाले चालन का?"

साक्षीच्या दिवशी सकाळी इंद्रभाननंच तिच्यासाठी रिक्षा ठरवली.

कोर्टात कुलदीपच्या वकिलानं जुनी नोकरी उकरून काढली. हिला मॅनेजरनं कामावरून काढलं होतं, ही सूड घेते आहे, एका सज्जन गिऱ्हाइकाचं नाक हिनं फोडलं होतं, हिचा स्वभावच हिंसक.

"हाव, नाक फोडलं," मनाली म्हणाली. "अन् फाट्यावर मी ॲक्सिलरेटरबी दाबला होता, ते तुमी इचारलं नाई तरी सांगतो. लिहून घ्या. पन चिंधी मी नाई अडकवली."

मागच्या बाकावर जामिनावर सुटलेला गुलाबराव बसला होता. ॲक्सिलरेटरचं ऐकून तो ताडकन उठला. शिपायानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो बसला, पण बाहेर आल्यावर मनालीसमोर येऊन उभा राहिला. त्याची मूठ आवळलेली होती. बेबीताई मधे आली नाही. मग गुलाबरावनं पाठ फिरवली आणि बसस्टँडच्या दिशेनं चालायला लागला. त्याच्या मागून, दहा पावलं अंतर ठेवून, बेबीताई.

दोन्ही खटले अजून चालू आहेत. कुलदीप जामिनावर बाहेर आहे. गावातल्या आठ जणांवरची केस मागं घ्यायला नीळकंठराव तयार नाहीत, रुमालानं डोळ्याची रिकामी खोबण पुसत ते म्हणतात, "त्यांचं दुःख मला समजतं. माझा डोळा त्यांना समजला पाहिजे." यावरून त्यांच्यात आणि काकूंत अबोला होतो, सुटतो, पुन्हा होतो.

मोठी गाडी त्यांनी घेतली नाही. जुनी लहान गाडीच आहे, पण काकांना आता चालवता येत नाही. दिवाळीनंतर एके दिवशी शैलजाकाकू मनालीकडं आल्या आणि पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाल्या, "मला शिकव. साठी उलटली आहे, पण पाय पोचतात."

मनालीचा उजवा हात अजून पूर्ण वर जात नाही. ती डाव्या बाजूला बसते. काकू स्टिअरिंग दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखं धरतात आणि रस्त्यावर कुठंही चार माणसं एकत्र दिसली की ब्रेक दाबतात. परवा चिखली रोडला एक वरात आली. ढोल, नाचणारी पोरं, रस्ता भरून गेलेला. काकूंनी गाडी बंद केली, काचा वर केल्या, दारं लॉक केली आणि डोळे मिटून घेतले.

"काकू, लगीन हाय. लोक नाचून राह्यले."

"माहीत आहे मला."

"मंग डोळे उघडा."

"नाही उघडत. जाऊ दे त्यांना."

मनालीनं जोर केला नाही. एक पोरगा नाचता नाचता बॉनेटवर थाप मारून गेला, तेव्हा दोघींनी एकदमच एकमेकींचा हात पकडला. वरात लांबलचक होती. शेवटची बाई, डोक्यावरचा दिवा सांभाळत, पुढं निघून गेल्यावर काकूंनी डोळे उघडले, किल्ली फिरवली आणि पहिला गिअर टाकला. गाडी आचके देत निघाली.

"क्लच," मनाली म्हणाली. "हळू सोडा."